आधी पीक कर्ज भरा, मग बाजाराचं बोलू

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून :

"ताई, नमस्कार. मी केळापूर तालुक्यातला शेतकरी. आता ८ एकर वावर उरलं, कापूस अन् तूर घेतो. बाकीची जमीन रस्त्यात गेली, तिचे ११ लाख आले होते. ३ लाख घराला लागले, २ लाख तालुक्याच्या पतसंस्थेत ठेवले. राहिलेले ६ लाख २०२४ मध्ये बाजार जोरात होता तेव्हा लावले. अडीच लाख स्मॉल कॅप (छोट्या कंपन्यांच्या) फंडात, दीड लाख एका थीमॅटिक (एकाच क्षेत्राच्या) फंडात आणि २ लाखांचे टेलिग्रामवर सांगितलेल्या चौदा कंपन्यांचे शेअर. आज फंडांच्या ४ लाखांचे ३ लाख ३० हजार दिसतात (स्मॉल कॅपचे २ लाख १० हजार, थीमॅटिकचे १ लाख २० हजार), शेअरच्या २ लाखांचे १ लाख २० हजार. एका शेअरला रोज लोअर सर्किट (भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला अडकतो), विकायला टाकला तरी जात नाही. वर महिन्याला ५ हजारांची एसआयपी (फंडात दर महिन्याचा ठरलेला हप्ता), तिचे जुलै-ऑगस्टचे हप्ते बाउन्स झाले. घरची अंगणवाडी सेविका आहे, ती म्हणते उरलं ते काढून घ्या. पोरगा म्हणतो पडल्यावरच घ्यायचं असते, ॲव्हरेज करा. टेलिग्रामवर एक ग्रुप आहे. तिथले साहेब म्हणतात, कापसाचे आलेले १ लाख ८० हजार आमच्या ॲपमध्ये ऑप्शनला लावा, मार्चच्या आत दुप्पट करून देतो, दीड लाखाचं पीक कर्जही फिटेल अन् झालेला तोटाही निघेल. ऑगस्टात लेकीची बीएससी नर्सिंगची १ लाख २० हजार फी आहे. काय विकू, काय ठेवू? झोप लागत नाही. सल्ला तरी कुणाला विचारू?"

भाऊ, नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण ज्याचं उत्तर या आठवड्यातच द्यावं लागेल असा एकच आहे, म्हणून तो आधी घेते. कापसाच्या १ लाख ८० हजारांतले दीड लाख पीक कर्जात भरून टाका. बाजार उद्या वर जावो की खाली, या उत्तरात फरक पडत नाही.

३ लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते शेतकऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं. मुदत चुकली की सवलत जाते, व्याज अंगावर येतं, खातं थकबाकीत जातं. मग जूनमध्ये बियाण्या-खतासाठी नवं कर्ज मागायला गेलात की आधी जुनी बाकी पुढे येते. तिथे अडलं की सावकाराचं दार, नाही तर कृषी केंद्राची उधारी. उधारीच्या खताचा भाव रोखीच्या भावासारखा नसतो, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर मुळीच विसंबू नका. त्या दिवसांत सोसायटीत आणि बँकेत गर्दी असते, मध्येच लिंक जाते आणि माणूस हातात पैसे घेऊन परत येतो. लवकर भरा, पावती घ्या, बाकी शून्य झाल्याची नोंद पासबुकात करून घ्या. उरलेले ३० हजार बियाण्याचे समजा आणि बाजूला ठेवा, कारण नवं कर्ज मंजूर होऊन हातात पडेपर्यंत कधी कधी पहिला पाऊस येऊन गेलेला असतो.

आता त्या ग्रुपवाल्या साहेबांचं.

सेबी ही शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था. तिनं सप्टेंबर २०२४ मध्ये एक अहवाल काढला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरच्या सौद्यांत, उतरलेले तुमच्या-माझ्यासारखे लोक १ कोटीच्या वर होते आणि त्यातले ९३ टक्के तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या पुढे, आणि बुडालेल्यांचा माणशी तोटा सरासरी २ लाखांच्या घरात. पुढच्या, म्हणजे २०२४-२५ च्या वर्षातही ९१ टक्के तोट्यातच होते. याला कारण आहे. समोर सौदा करणाऱ्या मोठ्या संस्था असतात, त्यांचे सौदे संगणक करतो, आणि आपण मोबाइलवर बोटानं. शिवाय ऑप्शनला मुदत असते. शेअर पडला तरी शेअर आपल्याकडे राहतो, ऑप्शनची मुदत संपली की भरलेला सगळा प्रीमियम, म्हणजे ऑप्शन घ्यायला दिलेली रक्कम, शून्य होऊ शकतो. निफ्टीच्या, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाच्या, ऑप्शनमध्ये ही वेळ दर आठवड्याला येते. सेबीनं नोव्हेंबर २०२४ पासून इंडेक्सच्या नव्या सौद्याचा आकार निदान १५ लाखांचा केला तो याच काळजीपोटी, की लहान माणसानं यात सहज पाय टाकू नये.

हे झालं खऱ्या ऑप्शनचं. तुमच्या पत्रातला मला जास्त घाबरवणारा शब्द "आमच्या ॲपमध्ये" हा आहे. खऱ्या दलालाकडे तुमचं डीमॅट (शेअर ठेवायचं) खातं तुमच्या पॅनवर असतं आणि त्यातलं जे काही आहे ते सीडीएसएल किंवा एनएसडीएल या शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडून येणाऱ्या एकत्रित विवरणात दिसतं. ज्या ॲपमधले शेअर त्या विवरणात दिसत नाहीत, तिथे पडद्यावर दिसणारा नफा म्हणजे नुसता आकडा. या ॲपांची पद्धत ठरलेली असते. पहिल्या आठवड्यात १० हजारांचे १४ हजार दाखवतात, दोन-तीन हजार काढूही देतात, तुमचा विश्वास बसला की मोठी रक्कम मागतात. काढायला गेलात की "आधी टॅक्स भरा", "आधी खातं अपग्रेड करा" सुरू होतं. पैसे कोणत्या नावावर पाठवायला सांगतात तेही बघा. बहुतेक वेळा ते कुठल्या तरी एंटरप्रायजेसचं किंवा एखाद्या माणसाचं साधं बचत खातं असतं.

त्या साहेबांना एकच गोष्ट विचारा : सेबीचा नोंदणी क्रमांक काय? शेअरचा सल्ला देणाऱ्या रिसर्च ॲनालिस्टचा क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए या अक्षरांनी. क्रमांक दिला तर सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा, त्यांनी पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. आणि खरी नोंदणी असलेल्या माणसालाही नफ्याची हमी देता येत नाही, दुप्पट करून देतो असं म्हणता येत नाही. म्हणजे ज्यानं दुप्पटची भाषा केली त्याचा निकाल तिथेच लागला. ग्रुप सोडा. आणि भाऊ, थोडेफार पैसे आधीच पाठवले असतील आणि संकोचानं पत्रात लिहिलं नसेल, तर आजच १९३० या क्रमांकावर फोन करा. ही सायबर फसवणुकीसाठी सरकारची हेल्पलाइन आहे. तक्रार जितक्या लवकर, तितकी समोरचं खातं गोठवलं जाण्याची शक्यता जास्त. यात लाजण्यासारखं काही नाही, शिकलेसवरलेले लोकही यात अडकतात.

एवढं झालं की मग तुमचा मूळ प्रश्न. विकू की ठेवू?

टीव्हीवर, यूट्यूबवर, बँकेच्या भिंतीवरच्या पोस्टरवर जो सल्ला मिळतो तो पगारदार माणसासाठी लिहिलेला असतो, आणि माझ्या मते तुमच्या घराचं निम्मं दुखणं इथूनच सुरू झालं. दर महिन्याला एसआयपी करा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, बाजार पडला तर आणखी घ्या. ज्याच्या खात्यात १ तारखेला पगार पडतो त्याच्यासाठी हे सगळं ठीक आहे. तुमच्या घरात पैसा येतो कापूस निघाल्यावर आणि तूर निघाल्यावर. जून ते ऑक्टोबर तो फक्त बाहेर जातो : पेरणी, निंदण, डवरणी, फवारणी, वेचणीची मजुरी. तुमची मिळकत आधीच पावसावर आणि भावावर वर-खाली होते. म्हणून तुमच्याकडच्या प्रत्येक रकमेला आधी एक प्रश्न विचारायचा, की हिचं काम कोणत्या महिन्यात आहे. निफ्टी कुठे जाईल हा प्रश्न त्यानंतरचा, आणि खरं तर त्याचं खात्रीचं उत्तर कोणाकडेच नसतं.

लेकीची फी घ्या. तिचा महिना ऑगस्ट. बाजाराला सावरायला किती वेळ लागतो ते बघा. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात तो ८ हजारांच्या आसपास आला आणि पुन्हा २१ हजार बघायला २०१० ची दिवाळी उजाडली. २०२० मध्ये करोनाच्या भीतीनं २३ मार्चच्या एका दिवसात निफ्टी १३ टक्के पडला, सकाळीच सर्किट लागून बाजार पाऊण तास बंद ठेवावा लागला. त्या वेळी जानेवारीतली पातळी नोव्हेंबरातच परत आली. सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टी २६ हजारांच्या वर गेला होता, एप्रिल २०२५ मध्ये २२ हजारांच्या खाली येऊन गेला. एकदा जवळजवळ तीन वर्षं, एकदा दहा महिने. पुढची पडझड यातली कोणती निघेल हे पोस्टर लावणाऱ्या बँकेलाही माहीत नसतं. फी मात्र ऑगस्टातच मागतात.

म्हणून थीमॅटिक फंड पूर्ण विका. त्याचे आज १ लाख २० हजार येतात असं तुमच्या आकड्यांवरून दिसतं, म्हणजे नेमकी फीची रक्कम. ३० हजारांचा तोटा आहे, तो मनाला लागणार. पण एकाच क्षेत्राच्या फंडात पैसा तेव्हाच ठेवावा जेव्हा त्या क्षेत्राची नस आपल्याला कळते, आणि तुम्ही तो घेतलात तो सगळे घेत होते म्हणून. घेऊन वर्ष उलटलं असल्यानं बहुधा एक्झिट लोडही (लवकर पैसे काढल्याचं शुल्क) लागणार नाही, तरी विकण्याआधी फंडाच्या विवरणात तेवढं बघून घ्या. आलेले पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत जुलैअखेर मुदत संपेल अशा ठेवीत ठेवा. व्याज थोडं मिळेल, चालेल.

फीबद्दल आणखी एक, जे कदाचित तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. राज्य सरकारनं जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतला की ज्या घराचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे अशा ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहेच. तिच्या कॉलेजला आणि कोर्सला हे लागू होतं का, ते प्रवेश घेण्याआधी कॉलेजात आणि महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवर विचारा. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं तहसीलमधून आताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रात रांगा असतात. फी माफ झाली तर हेच १ लाख २० हजार वसतिगृहाला, मेसला आणि पुढच्या वर्षांना पुरतील. नर्सिंग चार वर्षांचं आहे, हेही धरून चालायचं.

आता चौदा शेअर. इथे पोराचं म्हणणं तपासून बघू.

तुमच्याच भागातली गोष्ट आहे. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात घरोघरी कापूस भरून ठेवला गेला, गेल्या वर्षीचा भाव पुन्हा येईल म्हणून. खोल्या भरल्या, लेकराबाळांच्या अंगाला खाज सुटली, तरी लोक थांबले. शेवटी २०२३ च्या मे-जूनमध्ये पेरणी तोंडावर आली तेव्हा ७ हजारांच्या आसपास विकावा लागला. दहा हजार हा आकडा शेतकऱ्याच्या लक्षात होता, बाजाराच्या नव्हता. जागतिक मागणी, गाठींचा साठा, सरकीचा भाव यांनी ठरायचं ते ठरलं. समजा, तुम्ही २१२ ला घेतलेला एखादा शेअर आज ९० ला आहे, तर २१२ हा आकडा असाच फक्त तुमच्या डायरीत आहे. ती कंपनी २१२ ला परत जाईल की नाही, हे तिची विक्री, तिचा नफा आणि तिच्या डोक्यावरचं कर्ज ठरवणार.

ॲव्हरेज करणं म्हणूनच संपूर्ण बाजाराच्या बाबतीत एक गोष्ट आहे आणि एका कंपनीच्या बाबतीत अगदी वेगळी. निफ्टीत ५० कंपन्या असतात, एखादी मागे पडली की तिला काढून दुसरी येते, त्यामुळे पडत्या काळात निफ्टीत थोडं थोडं टाकत राहिलेल्यांना पुढे फायदा झाला. एका कंपनीला असं मागचं बळ नसतं. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या आसपास पोचला होता. खाली येताना ३०० ला लोकांनी ॲव्हरेज केलं, २०० ला केलं, १०० ला केलं, ५० लाही केलं. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेला मध्ये पडावं लागलं. बँक वाचली, ठेवीदारांचे पैसे वाचले, पण शेअर २० रुपयांच्या आसपास पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला. ज्यांच्याकडे शंभराहून जास्त शेअर होते त्यांचे तीन-चतुर्थांश तीन वर्षं विकताही येणार नाहीत असे अडकवले गेले. ती देशातली नावाजलेली बँक होती. तुमच्या यादीतल्या कंपन्या तर टेलिग्रामवर सांगितलेल्या.

तेव्हा एका संध्याकाळी पोराला घेऊन बसा आणि चौदापैकी प्रत्येक कंपनीचं नाव एक्स्चेंजच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या, संकेतस्थळावर टाका. ती काय बनवते हे तुम्हाला दोघांना सांगता येतं का? गेल्या तीन वर्षांत नफा झाला का? प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकांनी, आपले शेअर गहाण ठेवलेत का? गहाणाचा आकडा शेअरहोल्डिंगच्या तक्त्यात उघड दिलेला असतो. मोठी, नफ्यातली, बिनगहाणाची अशी तीन-चार नावं निघाली तर ती राहू द्या. बाकीची विका, जे येतील ते येतील. आणखी एक बारीक गोष्ट : खताच्या, बियाण्याच्या, कीटकनाशकांच्या कंपन्या ओळखीच्या वाटतात म्हणून शेतकरी हमखास घेतात. मी तुम्हाला त्या घेऊ नका म्हणेन. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी तुमचं पीक जातं आणि त्याच वर्षी त्यांचा खपही बसतो. दोन्हीकडून एकदम मार खायचा कशाला?

लोअर सर्किटवाल्या शेअरचं मात्र मन घट्ट करूनच ऐका. सकाळी सव्वानऊला मोबाइलवर बघा. विकणाऱ्यांच्या बाजूला हजारो शेअर रांगेत दिसतील आणि घेणाऱ्यांच्या बाजूला शून्य. ५ टक्के पडला की त्या दिवसाचा खालचा भाव संपला, मग त्याखाली सौदा होतच नाही. अशा शेअरमध्ये आधी भाव चढवून, ग्रुपवर गाजवून, लोकांच्या गळ्यात मारून चढवणारे निघून गेलेले असतात. बाजार उघडायच्या आधी, ९ ते सव्वानऊच्या सत्राचा अवधी असतो, तेव्हा खालच्या सर्किटच्या भावाला विक्रीची ऑर्डर रोज टाकत राहा. ऑर्डर आदल्या रात्रीही टाकता येते, म्हणजे रांगेत नंबर पुढे लागतो. कधीतरी सर्किट उघडतं आणि माल जातो. गेला नाही तर ते पैसे गेले असं धरून पुढचा हिशोब करा. त्यात आणखी एक रुपयाही घालू नका, भाव कितीही स्वस्त दिसला तरी.

चौदांतून जे पैसे येतील, समजा लाखभर, ते पुन्हा शेअरमध्ये नकोत. ते तुमच्या पुढच्या खराब हंगामाचे. पगारदारानं सहा महिन्यांचा खर्च ठेवावा म्हणतात. कोरडवाहू कापूसवाल्यानं एका हंगामाचा पूर्ण लागवड खर्च आणि वर्षभराचं घरखर्चाचं धान्य-किराणा-दवाखाना एवढं तरी हाताशी ठेवावं, कारण दोन वर्षं लागोपाठ वाईट जाणं आपल्याकडे नवीन नाही.

याच जोडीला पतसंस्थेतले २ लाख. ती चांगली चालत असेलही. पण बँकेतल्या ठेवीला माणशी ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेचा विमा असतो, सहकारी बँकेतल्या ठेवीलाही असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. संकटाच्या वेळचा पैसा विम्याबाहेर ठेवून दोन टक्के जास्त व्याज घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. मुदत संपली की बँकेत हलवा.

स्मॉल कॅप फंड उरला. हा मी सगळा विका म्हणणार नाही, आणि इथे वहिनींच्या म्हणण्यापासून मी थोडी वेगळी आहे. स्मॉल कॅप म्हणजे बाजारमूल्यानुसार २५१ व्या क्रमांकापासून पुढच्या कंपन्या, आणि अशा फंडाला निदान ६५ टक्के पैसा त्यातच ठेवावा लागतो. त्यामुळे तो चढतोही जोरात, पडतोही जोरात. जानेवारी २०१८ पासून मार्च २०२० पर्यंत स्मॉल कॅपचा निर्देशांक निम्म्याहून जास्त उतरला आणि जुनी पातळी यायला २०२१ उजाडलं. म्हणजे या पैशाला सात-आठ वर्षं कोणतंही काम नको. वरची सगळी कामं मार्गी लागल्यावर तुमचे हे २ लाख १० हजार तसे मोकळे आहेत. पण तुमच्या घरात जोखीम वावरात भरपूर आहे, कागदावरही तितकीच घेण्याची गरज नाही. मी तुमच्या जागी असते तर अर्धे तिथे राहू दिले असते आणि अर्धे निफ्टीच्या साध्या इंडेक्स फंडात (निफ्टीतल्याच कंपन्या घेणाऱ्या) नेले असते. कोणत्या कंपनीचा फंड, हे मी सांगणार नाही. त्यासाठी सेबीची नोंदणी लागते. इंडेक्स फंडांत खर्चाचं प्रमाण ज्याचं कमी तो बघा, आणि "डायरेक्ट" प्लॅन बघा, त्यात मधल्याचं कमिशन नसतं.

एसआयपी तुमच्या खात्यावरून बंद करा. पावसाळ्यात शिल्लक नसताना हप्ता परत गेला की बँक दर वेळी दंड कापते, आणि महिन्याच्या एसआयपीचे लागोपाठ तीन हप्ते चुकले की ती आपोआप बंद पडते. तुमच्या घरात महिन्याला येणारा पैसा एकच आहे, वहिनींचं मानधन. त्यांची इच्छा असेल तर त्यांच्या नावानं, त्यांच्या खात्यातून, हजार-दीड हजाराची एसआयपी सुरू करा. मानधन कधी कधी उशिरा पडतं, म्हणून तारीख २० च्या पुढची घ्या. तुमच्या वाट्याची गुंतवणूक वर्षातून एकदा होऊ द्या : कापूस-तूर विकून, कर्ज भरून, पुढच्या पेरणीचं बाजूला काढून खरोखर काही उरलं तर ते लिक्विड फंडात (थोड्या मुदतीच्या, कमी जोखमीच्या) टाका आणि तिथून एसटीपी या सोयीनं महिन्याला थोडं थोडं इंडेक्स फंडात जाऊ द्या. लिक्विड फंडातून पैसे काढले तर साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात येतात, म्हणजे मध्येच बैल आजारी पडला किंवा मोटार जळली तरी अडत नाही. ज्या वर्षी उरणार नाही त्या वर्षी टाकू नका. फंडवाला ओरडेल, ओरडू द्या.

तोट्याचा एक उपयोग मात्र करून घ्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं म्हणून तुम्ही विवरणपत्र भरत नसाल. या वर्षी भरा, आणि मुदतीत भरा. शेअर-फंड विकून झालेला तोटा विवरणपत्रात वेळेवर दाखवला तर तो पुढची आठ वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो. तालुक्याच्या कर सल्लागाराकडे दलालाचं कॅपिटल गेनचं स्टेटमेंट घेऊन जा, त्याचं काम अर्ध्या तासाचं आहे.

सल्ला कुणाला विचारावा, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. फंड विकणाऱ्याला एआरएन हा नोंदणी क्रमांक असतो आणि त्याला कंपनीकडून कमिशन मिळतं. तो वाईट माणूस असतो असं नाही, पण तो विकणारा आहे हे लक्षात ठेवून ऐकायचं. बँकेत काउंटरवर कोणी "एफडीसारखंच आहे" म्हणून विमा-गुंतवणुकीचा कागद पुढे केला तर सही करण्याआधी घरी आणून वाचायचा. फक्त फी घेऊन सल्ला देणारे सेबी नोंदणीकृत सल्लागार नागपूर-अमरावतीत बसून फोनवरही काम करतात. तुमच्या रकमेला दरवर्षी त्यांची गरज नाही, वरची आवराआवर झाल्यावर एकदा दाखवून घ्या.

आणि हे सगळं करताना वहिनींना शेजारी बसवा. त्या "काढून घ्या" म्हणतात त्यात भीती आहे तसा अंदाजही आहे, चौदांपैकी बहुतेक शेअरच्या बाबतीत त्या बरोबरच निघतील. डीमॅट खात्यात, दोन्ही फंडांत आणि बँकेच्या ठेवीत नॉमिनी म्हणून त्यांचं नाव आहे का ते आज रात्रीच ॲप उघडून बघा, नसेल तर लगेच टाका, ओटीपीनं दहा मिनिटांत होतं. कुठे किती आहे, फोलिओ (फंडातल्या खात्याचा) क्रमांक काय, कोणत्या मोबाइलवर आणि ईमेलवर विवरण येतं, हे एका वहीत लिहून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा आणि ती फाइल कुठे आहे ते लेकीलाही सांगा.